वैरणीची नाव

“दारातल्या नळाला पाणी न्हाय, आन हे नाव आणाय निघाल्यात.”

आमच्या सासूबाई, अक्काताई, हे सुपातल्या ज्वारीला सांगत होत्या. मी शेजारीच शेंगा फोडत बसले होते, म्हणजे सांगणं मलाच होतं.

“आत्ती, वैरणीला पायजे नाव,” मी म्हटलं. “पूर आला की पलीकडच्या रानातनं वैरण कशी आणायची?”

“म्हशीला पवाय येतंय,” त्या सुपाला म्हणाल्या.

आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. दोन वर्षांमागं, एकोणीस साली, पुराचं पाणी आमच्या चुलीपर्यंत आलं. सरकारी नाव दाराशी लागली आणि अक्काताईंनी पाय उचलायला नकार दिला. चातुर्मासात गावाची शीव ओलांडायची नाही हे त्यांचं व्रत, आणि नाव चाललेली निपाणीच्या छावणीला. हात जोडून झाले, रागावून झालं. शेवटी मी, दोन पोरं आणि आमचे हे, धनपाल, नावेत बसलो. अक्काताईंनी त्या दोन रात्री एकटीनं माळ्यावर काढल्या, चुरमुऱ्याच्या पोत्याला टेकून. पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो, तर म्हणाल्या, “पाय पुसून या.”

तेव्हापासून घरात पुराचा विषय निघाला की आम्ही कुजलेल्या उसाबद्दल बोलतो. भरपूर बोलतो.

यंदा ह्यांनी नाव घेतली. आपलीच नाव असली की शिवेबाहेर जायलाच नको. गावातच टेकावर आमची बस्ती, म्हणजे जैन मंदिर आहे, तिथल्या पायरीला नाव लावली की झालं, व्रतही राहिलं आणि आईही. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही म्हशीकडं बघत. बाकी जगाला सांगितलं, वैरण.

नाव कोल्हापूरकडच्या एका तळ्यावरची. पोरंबाळं फिरवायची. टाळेबंदीत धंदा बसला आणि मालकानं ती विकायला काढली. पिवळीजर्द, आणि वर लाल झालरीचं छत.

“झालर कशाला हो वैरणीला?” मी विचारलं.

“सोबत आली,” हे म्हणाले.

आषाढ लागायला दोन दिवस होते. महाराष्ट्रातनं कर्नाटकात येणाऱ्याला करोना तपासणीचा तीन दिवसांच्या आतला कागद लागायचा. नाव घेऊन येणारा टेंपोवाला नागेंद्र कोगनोळीच्या नाक्यावर अडकला; त्याच्या कागदाची मुदत सकाळीच संपलेली. आम्ही अलीकडं ट्रॅक्टर घेऊन उभे. शेजारचा भावकू ट्रॅक्टरवर, आणि मी बोलणी करायला. माझं माहेर रायबागकडचं, आणि पोलीस दिसला की ह्यांचं कन्नड आटतं.

“दोणी?” हवालदारानं टेंपोकडं बघत विचारलं.

“दोणीच अण्णा,” मी कन्नडात म्हटलं. “नाव हाय.”

“हिच्यातनं कोण कोण आलं?”

“कोण न्हाय. रिकामी आली.”

“हिला सर्दी-खोकला?”

“वर्षभर पाण्यात उतरली न्हाय, सर्दी कुठली?”

तो मास्कच्या आत हसला, डोळ्यांवरनं कळलं. माणसाला कागद, टेंपोला माणूस, पण नावेला कसलाच नियम त्याच्या यादीत नव्हता. “गाडी न्हाय सोडणार, माणूस न्हाय सोडणार,” तो म्हणाला. “दोणी तुमी हातानं न्या.”

मग काय! पलीकडनं नागेंद्र आणि दोन ट्रकवाले ढकलतायत, अलीकडनं हे आणि भावकू ओढतायत, निम्मी नाव महाराष्ट्रात, निम्मी कर्नाटकात. झालर बॅरिकेडला अडकली. “सावकाश रं, फाटंल!” असं कोण ओरडलं म्हणून बघितलं, तर हवालदारच. छताची दांडी धरून तोही ओढणाऱ्यांत शिरला होता.

नागेंद्रचा हात काही सुटेना. “उन्हात ठेवू नका हो वयनी,” तो म्हणाला. “रंग उडतोय.” पोरगी सासरी धाडल्यागत चेहरा.

“चला, चला,” हे घाई करत होते. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, आणि आम्ही पोचल्याशिवाय अक्काताई ताटावर बसणार नव्हत्या.

पोचलो तेव्हा ऊन अजून आढ्यावर होतं. नाव अंगणात उतरवली. म्हशीनं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. अक्काताई बाहेर आल्या, नावेभोवती एक फेरी मारली, बोटानं ठोकून बघितलं.

“कशाला म्हणालास?”

“वैरणीला,” हे म्हणाले.

“उसालाबी,” मी भर घातली.

“उसाला झालर?”

भावकूला अचानक ट्रॅक्टरचं काम आठवलं. तो गेला.

अक्काताईंनी लुगड्याचा ओचा सावरला, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि कोरड्या अंगणात नावेत चढल्या. मधल्या फळीवर बसल्या. हललं तर काय होतंय म्हणून दोन्ही कडा धरून बघितल्या. वर लाल झालर, खाली त्या, पालखीत बसल्यागत. मला हसू आवरेना.

“बस्तीपातूर जातीय न्हवं ही?” त्यांनी विचारलं. म्हणजे सगळं ठाऊक होतं.

“जातीय,” हे म्हणाले.

त्यांनी समोरच्या मोकळ्या फळीवर हात फिरवला. “आन तू कुठं बसणार?”

ह्यांनी नावेची कड धरली. मला वाटलं, आता परत ऊस.

“आई,” हे म्हणाले, “त्या पुरात तुला एकटीला सोडून गेलतो मी.”