जिन्याचं पॉलिश

"साहेब, आता अजून एक हात मारला तर लाकूडच झिजेल," कठड्यावरून फडकं फिरवत पॉलिशवाला म्हणाला.

"बरं. मग राहू दे," थोरला म्हणाला. पॉलिशवाला डबे आवरून निघून गेला.

शहराच्या मध्यवस्तीतली जुनी घरं घ्यायची, डागडुजी करून विकायची, हा दोघा भावांचा धंदा. थोरला व्यवहार बघायचा, धाकटा काम. "दादा घरांची लग्नं जमवतो, मी त्यांना नटवतो," असं धाकटा येईल त्याला सांगायचा. या घराचा जिना आतून कुजलेला आहे हे त्यानेच ओळखलं होतं. तरी मापं घ्यायला म्हणून तो वर चढला. थोरला तेव्हा अंगणात फोनवर बोलत होता. आतून आवाज आला, तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी सिमेंटचं पोतं टाकलं.

धाकटा गेला, पण थोरल्याला रडू आलं नाही. जेवण जायचं, झोपही लागायची. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. त्याने नवा जिना बसवून घेतला, फरशी बदलली, भिंती रंगवल्या. गिऱ्हाईकही ठरलं. पण किल्ली द्यायची वेळ आली की तो काहीतरी काम काढायचा. सकाळी यायचा, रिकाम्या घरात खुर्ची टाकून बसायचा. वर मात्र कधी गेला नाही.

त्या दुपारी दारात भावजय उभी राहिली. या घरात ती पहिल्यांदाच येत होती.

"तू कशाला आलीस? मी आलो असतो घरी."

"ते घर घेणारे यांच्या मोबाइलवर फोन करतायत, भाऊजी. म्हणाले, तुमचे दीर उचलतच नाहीत."

"थोडं काम राहिलंय."

तिने भिंतींवरून, खिडक्यांवरून नजर फिरवली. मग जिना चढून वर गेली. वरच्या खोल्यांतून तिची पावलं ऐकू येत होती. थोरला कठड्याला घट्ट धरून खाली उभा होता. ती उतरून आली तेव्हा त्याने हात सोडला.

"काही राहिलेलं नाही," ती म्हणाली. "देऊन टाका."

"मला वाटलं, तुला आवडणार नाही."

"मला काही वाटत नाही, भाऊजी. खरंच. तुम्हाला वाटतं?"

थोरल्याने मान हलवली. नाही.

मग तिने विचारलं, "कुठे?"

त्याने बोटाने जिन्याशेजारची फरशी दाखवली. नवी, फिकट राखाडी, डागही नसलेली. भावजयीने दाराशी जाऊन चपला काढल्या आणि ती तिथे येऊन उभी राहिली.

"इथे?"

"थोडं अलीकडे."

ती पाऊलभर सरकली.

"हां," तो म्हणाला. "तिथे."