शेजारणीचा प्रिंटर

प्रिंटरवरचा पिवळा दिवा लुकलुकत होता, आणि आणखी एकच आज्ञा टाइप केली की तो हिरवा होईल असं लाइलला मघापासून वाटत होतं... दुलुथमधल्या आईच्या स्वयंपाकघरात, मांडीवर कीबोर्ड घेऊन, तो वाकून बसला होता. तिला चर्चमधल्या जेवणाची पत्रकं छापायची होती, एवढंच.

सकाळी कामावर त्याने लिनक्सवर, म्हणजे आईच्या कॉम्प्युटरवर होती त्याच फुकट प्रणालीवर, चालणारे हजारो सर्व्हर बसल्या जागेवरून अद्ययावत केले होते आणि एकही कुरकुरला नव्हता. बँका, इस्पितळं, हवामानखातं – सगळ्यांचा भार त्यावर. पण हे कुठे हवं होतं त्याला? ऐन तारुण्यात, दमडी न घेता, त्याने लिहिल्या होत्या त्या लिनक्सच्या पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, चित्रं... टेबलाशी बसणाऱ्या माणसासाठी. पुढच्या वर्षी लिनक्स घराघरात, असं सगळे मित्र म्हणायचे. दर वर्षी म्हणायचे. मग एकेक जण सर्व्हरकडे वळला, पोटासाठी – शेवटी तोही. उरली आई. इतकी वर्षं ती घरी लिनक्स विनातक्रार वापरत आली होती, आणि तेवढ्यावर तो तग धरून होता – निदान एक घर, एक तरी.

"राहू दे आता," आईने सुपाचा वाडगा पुढे सरकवला. "मी फिलिसकडे छापून आणते."

शेजारणीला कशाला त्रास, होईल एवढ्यात, असं तो पुटपुटला.

"नेहमी तिच्याकडेच छापते रे. कराचे कागद, टपाल... ॲरिझोनाच्या नातीशी बोलणंसुद्धा तिथूनच. या कॉम्प्युटरवर मी पत्ते खेळते फक्त. तू येणार असलास की चालू करून ठेवते."

"मला सांगितलं नाहीस?"

"किती हौसेने बसवलं होतंस तू."

राग यायला हवा होता, आला नाही. तो सूप पीत राहिला. जगाने आपल्याला नाकारलं, हे दुःख त्याला सवयीचं होतं, जवळजवळ अभिमानाचं... पण हे वेगळंच. 'उत्तम चालतंय, आभारी आहे' असं ज्यांनी ज्यांनी कळवलं होतं – शिकागोचे ते निवृत्त मास्तर, विनिपेगची ती नर्स – ते सारे एकामागून एक आठवू लागले, आणि त्या प्रत्येकाच्या शेजारी कोणी तरी एक फिलिस राहत असणार, असं वाटत गेलं... वाटतच गेलं.