पान एकोणीस

कारखान्याच्या आचारसंहितेत कंपनी सगळीकडे जपते, जोपासते, विश्वास ठेवते. चोरतो, लपवतो, थापा मारतो तो कर्मचारी. एकोणिसाव्या पानावरची 'कर्मचारी क' तर सरळसरळ पॅकिंगवालीच होती.

लेकीच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी तिने एक फाटका खोका घरी नेला होता. तोंडी समज मिळाली, विषय मिटला असं तिला वाटलं. पण नव्या आवृत्तीत ते उदाहरण म्हणून छापून आलं. शेजारी चित्र, त्यात तोच चौकोनी चष्मा, तीच आखूड वेणी. आचारसंहितेची शपथ घ्यायच्या वार्षिक सभेत नीती अधिकारी साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि 'कर्मचारी क चं काय चुकलं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला नेमकं तिलाच उभं केलं. तिने दिलं. तेव्हापासून तिचं नावच 'पान एकोणीस' पडलं. घरी लेकीने प्रकल्प फाडून टाकला. ते तुकडे पॅकिंगवालीने डब्यात भरून ठेवले.

पुढच्या वर्षी साहेबांनी कामगारांकडून खरी उदाहरणं मागवली. सुतार जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसायचा. साहेबांच्या घरी कपाट करण्यात त्याचे ड्युटीचे चार दिवस गेले होते, प्लायवूडही कारखान्याचंच.

"लिहू का रे?" तिने विचारलं. "तुझ्यावर येईल."

सुताराने घास चावून संपवला. "लिहा ताई. आता पॉलिशला बोलावलंय."

तिने आचारसंहितेच्याच भाषेत 'कर्मचारी ख' लिहिला, कारखान्याच्या सुताराकडून, कारखान्याच्या प्लायवूडचं घरचं कपाट करून घेणारा, आणि कागद स्वतः नेऊन दिला. साहेबांनी तिच्यासमोर वाचला.

"काय एकेक नग भरलेत आपल्याकडे," साहेब म्हणाले आणि मंजुरीची सही ठोकली. कर्मचाऱ्यांत आपणही येतो, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. तिची सगळी भिस्त त्यावरच होती.

सभेत साहेब नव्या आवृत्तीच्या विसाव्या पानावर, 'कर्मचारी ख'पाशी आले. ते चार दिवस सुतार कुठे होता, हे दोनशे जणांना ठाऊक होतं. 'कपाट' शब्दापाशी मागे कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी मान वर केली. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. घाईघाईने ते पान उलटायला लागले.

पॅकिंगवाली उभी राहिली. चष्मा नीट केला.

"साहेब, खालचा प्रश्न राहिला."

त्यांनी तो कसाबसा वाचला. कर्मचारी ख चं काय चुकलं?

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी सांगितलं होतं."

आणि ती उभीच राहिली.