चिन्नूचं जावळ

अपेक्षा माझी नणंद. माझं लग्न व्हायच्या वर्षभर आधी तिनं हुबळीच्या राजशेखरशी परस्पर लग्न केलं आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरवून टाकलं. त्यामुळे सख्खी नणंद असून मी तिला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. फोनवर मात्र तिचा आवाज पाठ झाला होता. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी फोन लावून द्यायचे, बोलायच्या सासूबाई आणि जिन्यात पहारा द्यायचा मी. लग्न ठरवताना हे काम कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर एकदा अपेक्षा म्हणाली, "आई, आमी शनिवार-रविवार सोलापूर बघाय येतोय." जन्म सोलापुरात, शाळा-कॉलेज सोलापुरात, आणि ही सोलापूर बघायला येणार, हॉटेलात उतरून. मला हसू आलं होतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून गिळलं.

राजशेखरला जुने किल्ले-देवळं बघायचा नाद खरा होता. अपेक्षाचं कारण मात्र वेगळं होतं. तिचा चिन्नू तिसरं वर्ष संपवत आला होता आणि अजून त्याच्या केसांना कात्री लागली नव्हती. जावळ पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षात काढायचं आणि काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, हे आपल्याकडे आहे तसं त्यांच्याकडेही आहे. तिकडे मामाला सोदरमावा म्हणतात. पहिलं वर्ष वाट बघण्यात गेलं. आता हुबळीची सासू रोज विचारत होती, तुझ्या पोराला सोदरमावा आहे की नाही. मामा म्हणजे माझा नवरा, अमृत.

"दोन मिनिटं मांडीवर घेऊ दे त्यानं," अपेक्षा म्हणाली. "बाकी मला कुनाचं काय नगं. घरात पन घेऊ नका."

सासूबाईंनी त्याच रात्री जेवताना अमृतच्या कानावर घातलं. आबा बाहेर बातम्या बघत होते. अमृतनं भाकरी मोडता मोडता मान हलवली. "येतो की. मामा हाय मी त्याचा," म्हणाला. एवढं सरळ म्हणाला की मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही दोघी सोलापूरदर्शन ठरवायला बसलो. लोक सहल ठरवताना काय बघायचं ते ठरवतात. आम्ही कुठं कुणी आपल्याला बघणार नाही ते शोधत होतो. सिद्धेश्वराचं देऊळ म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "तितं नगं, तितं आपली सगळी येत्यात." कंबर तलावावर चुलतसासरे फिरायला जातात. नान्नजला माळढोक बघायला जावं तर रस्त्यावरच आमच्या दोन सोयरिकी, दारात बाज टाकून बसलेल्या. अक्कलकोट तर विचारूच नका, रविवारी निम्मा गोतावळा तिथं. सात रस्ता चौकात हॉटेल बघितलं तर समोर उदयसिंहकाकांचं टायरचं दुकान निघालं, मग हॉटेल बदललं. आपण केवढ्या माणसांचे आहोत हे मला तेव्हा कळलं, आणि त्यातलं एकही कामाचं नाही हेही.

शेवटी उरला भुईकोट किल्ला.

"किल्ल्यात कोण जातंय?" सासूबाई म्हणाल्या. तीस वर्षं शहरात राहून त्या एकदाही आत गेल्या नव्हत्या. "तितं पोरं-पोरी लपून बसत्यात म्हनं."

"मग बरंय की, आपण पण लपायलाच चाललोय," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

राजशेखर मला मेसेज करून विचारायचा, वहिनी, चादरी कुठं चांगल्या मिळतील, वहिनी, देवळात सकाळी जायचं की संध्याकाळी. बिचारा मन लावून सहल ठरवत होता. मी त्याला शनिवारी नळदुर्गला पिटाळलं. तिथं आमचं कुणी राहत नाही. रविवारी सकाळी किल्ला, तलावाकडच्या बुरुजाजवळ, झाडाखाली. कात्री अपेक्षा आणणार होती. मामानं पहिली बट कापायची, बाकीचं हॉटेलवर न्हावी बोलावून. सासूबाईंनी नवाकोरा पंचा आणला, कारण जावळाचे केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. ते पंचात धरून वाहत्या पाण्यात सोडायचे असतात.

आबांना मी सांगितलं होतं की माझ्या माहेरचे पाहुणे येतायत, उजनीकडचे, त्यांना सोलापूर दाखवायचंय. अपेक्षा तिच्या स्वतःच्या गावात माझ्या माहेरची पाहुणी झाली. आबा खूश होते. "दावा की. सोलापुरात बघन्यासारखं लई हाय. किल्ला दावा आधी," असं स्वतःच म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

रविवारी मी आणि सासूबाई रिक्षानं पुढं गेलो. अमृत दुकानाचं शटर उघडून, गडी बसवून मागून मोटरसायकलवर येणार होता. आमचं मोटारपंपाचं दुकान आहे, नाव आबांचं, राबतो अमृत.

अपेक्षा झाडाखाली उभी होती. नाक-डोळे सगळे अमृतचे. सासूबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या दंडावरून हात फिरवत राहिल्या, जत्रेत पोर सापडल्यासारख्या. दोघी रडल्या नाहीत. चिन्नू आपल्या आजीकडे टकामका बघत होता. त्याचे केस खांद्याच्या खाली आले होते, मऊ, तांबूस, आणि अपेक्षानं त्यांना दोन रबरं लावली होती. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानं "मुलगी गोड आहे" म्हटलं होतं म्हणे.

"रोज कोन ना कोन म्हनतंय," अपेक्षा म्हणाली. "आज संपलं."

सासूबाईंनी पंचा अंथरून ठेवला. राजशेखर दुहेरी तटबंदीचे फोटो काढून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मोडक्या मराठीत मला म्हणाला, "मेहुणे येतात ना?" मी म्हटलं, निघालेत. अमृत फोन उचलत नव्हता. गाडी चालवत असेल, सासूबाई म्हणाल्या. दुकानापासून किल्ला असा किती लांब आहे ते त्यांना माहीत होतं, मलाही.

मी बघून येते म्हणून बुरुजावर चढले. वरून देऊळ, तलाव, पलीकडचा रस्ता सगळं दिसतं. रस्त्याच्या पल्याड उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी अमृत होता. मोटरसायकल स्टँडवर लावून तिच्यावर बसला होता, डोक्यात हेल्मेट तसंच. हँडलला कापडाची पिशवी. कधीपासून बसला होता कोण जाणे.

मी धावत गेटबाहेर गेले. "चला ना, पोरगं कंटाळलंय."

त्यानं हेल्मेट काढलं नाही. नुसती काच वर केली. "आबांना सगळं म्हाईत हाय," म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"सकाळी मी बूट घालत होतो, तर म्हनले, पाव्हन्यांला किल्ला दाव. पर तितं मांडी घालून बसू नगंस."

या माणसानं स्वतःच आम्हाला किल्ला सुचवला होता. "आणि काय म्हणाले?"

"एवढंच."

"मग एवढ्यासाठी? घराबाहेर काढीन म्हणाले का? मारीन म्हणाले का?"

"म्हनावं लागतंय व्हय?" अमृत म्हणाला. मग हँडलची पिशवी काढून माझ्यापुढं धरली. "ह्ये दे त्याला. कापडं हायत. मापाचा अंदाज न्हवता, जरा मोठीच घेतल्यात."

"कपड्यांना मांडी असते का?" मी म्हटलं. "इथवर आलात. त्या दारातून आत जायचं फक्त. दोन मिनिटं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचा मला इतका राग आला की पिशवी त्याच्या टाकीवर तशीच ठेवली. रडायला येतं आणि रस्ता ओलांडता येत नाही, असल्या माणसाबरोबर मला जन्म काढायचा होता. त्यानं काच खाली घेतली, किक मारली आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला निघून गेला. पिशवी पडली ती मीच उचलली.

आत येताना मी ठरवलं होतं, गाडी पंक्चर झाली म्हणून सांगायचं. तोंड उघडायच्या आत अपेक्षा म्हणाली, "गेला न्हवं?"

मी हातातली पिशवी पंचाशेजारी ठेवली.

"मी पन चढले हुते वर, तुमच्या आदी. लई वेळ झाला त्याला येऊन." तिनं चिन्नूच्या केसांतलं एक रबर सरळ केलं. "हेल्मेट घातलं म्हनून भाऊ वळखाय येत न्हाय व्हय, वहिनी? मला वाटलं, यील. आता उतरंल, मग यील."

सासूबाई पंचाची घडी घालायला लागल्या. पुन्हा उलगडला, पुन्हा घातली. "त्याच्यावर रागवू नगं गं," म्हणाल्या. "तुझं आबा कसं हायत तुला म्हाईत हाय की."

"मला म्हाईत हाय. म्हनून तर गेले मी." अपेक्षानं चिन्नूला कडेवर घेतलं आणि राजशेखरला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. त्यानं कॅमेरा पिशवीत घातला. पुढं काय बघायचं ते त्यानं त्यानंतर विचारलं नाही.

बाहेर पडल्यावर तिनं रिक्षावाल्याला थांबवलं आणि जवळचं सलून कुठंय ते विचारलं. सासूबाईंनी तिचा हात धरला. "बारक्याचं केस असं न्हाईत गं काढत."

"मग कसं काढत्यात? सांग की."

सासूबाईंनी तिचा हात सोडला. आम्ही सगळे एकाच रिक्षात बसलो.

सलूनमध्ये रविवारची गर्दी होती. चारही खुर्च्या भरलेल्या, बाकावर माणसं पेपर वाचत बसलेली. लहान पोर बघून त्यांनी नंबर आधी दिला. न्हाव्यानं खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकली, वर चिन्नूला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. राजशेखर त्याचं डोकं धरून उभा राहिला. आम्ही तिघी बाहेर फुटपाथवर, काचेतून बघत. चिन्नू रडेल असं मला वाटलं होतं, पण तो आरशात स्वतःकडे बघत गप्प बसला. न्हाव्यानं रबरं काढली, मशीन लावलं. तांबूस बटा कापडावरून घसरून फरशीवर पडायला लागल्या. अपेक्षा तिकडे पाठ करून रहदारी बघत होती.

"तुमी आबांना काय सांगनार?" तिनं मला विचारलं.

"पाव्हणे गेले म्हणून सांगणार," मी म्हटलं. दुसरं काय होतं सांगायला.

तेवढ्यात सासूबाई दार ढकलून आत गेल्या. पंचा काखेत. याआधी त्या कधी सलूनमध्ये गेल्या असतील असं वाटत नाही. मी मागोमाग गेले. न्हाव्यानं चिन्नूला खाली उतरवून, सगळ्या खुर्च्यांखालचे केस केरसुणीनं एका कोपऱ्यात लोटले होते. काळे, पांढरे, कलप लावलेले, कुणाच्या दाढीचे. सासूबाई त्या ढिगापुढं खाली बसल्या, पंचा मांडीवर पसरला आणि त्यातून बोटांनी नातवाचे मऊ केस निवडायला लागल्या. एखादी बट सापडायची, तिच्याबरोबर दुसऱ्याचे चार केस यायचे. ते चार बाजूला काढायच्या, की बट सुटून जायची.

बाकावरच्या माणसानं पेपर खाली केला. राजशेखर चिन्नूचं तुळतुळीत डोकं हातात धरून नुसता बघत राहिला.

"मावशी, उठा की," न्हावी म्हणाला, वाईट नव्हता बोलत. "गिऱ्हाईक बसायचंय."

"जरा थांब बाबा," सासूबाई म्हणाल्या. "ह्येच्यातलं आमचं कुटलं, त्येवढं बघू दे."