नाकाने मापलेली कॉफी

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटते की ही दागिन्यांची पेटी असावी. पण मी एक जुनी कॉफीची चक्की आहे. शिसवी लाकडाचे चौकोनी अंग, डोक्यावर बिया ओतायची पितळी वाटी, फिरवायला एक दांडा आणि तळाशी पूड साठायचा छोटा खण, एवढाच माझा पसारा. पोटात लोखंडी दाते आहेत. ते अजून सगळे शाबूत आहेत. माझ्या वयाच्या किती माणसांना असे म्हणता येईल?

माझे दाते कोइमतूरला ओतले गेले आणि पेटी कुर्गमधल्या एका सुताराने केली. तिथून मला इकडे आणले चेंगप्पासाहेबांनी. ते भिवपुरीच्या वीजघरात इंजिनियर होते आणि तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत. त्यांच्या शेजारी एके वर्षी नवे जोडपे राहायला आले. नवरा गोपाळकृष्णराव, वीजघरातच नोकरीला. बायको प्रमोदिनीबाई. दोघेही कर्जतच्या जुन्या घरांतले. त्यांच्याकडे कॉफी म्हणजे पाहुणे आल्यावर दुधात जायफळ उगाळून केलेली, गोड आणि पांढुरकी. चेंगप्पासाहेबांची काळी कॉफी पहिल्यांदा प्यायल्यावर गोपाळकृष्णरावांचा चेहरा कारले चावल्यासारखा झाला होता. मी तो पाहिला आहे.

पण डिसेंबर संपत आला, डोंगरावरून गार वारा उतरू लागला, की कॉलनीत पोपटी लागायची. मडक्यात वालाच्या शेंगा आणि अंडी, भोवती भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. नाताळच्या सुट्टीला आलेले सगळ्यांचे पाहुणे त्या जाळाभोवती बसत. शेंगा सोलून हात काळे झाले, की चेंगप्पासाहेब मला मांडीत धरत. कॉफीच्या भाजलेल्या बिया, दालचिनीचा तुकडा, लवंगा, वेलची आणि फोडलेले जायफळ ते माझ्या वाटीत टाकत आणि दळत. ती पूड गुळाच्या पाण्यात उकळायची, फडक्यातून गाळायची, खाली उतरवल्यावर मोठ्यांच्या पेल्यात थोडी रम घालायची, वर घोटलेली साय सोडायची आणि संत्र्याची साल पिळायची. मुलांना आणि न पिणाऱ्यांना तीच कॉफी रमशिवाय मिळे. आता तुम्ही तिला कॉकटेल म्हणाल. कॉलनीत तिला थंडीची कॉफी म्हणत.

चेंगप्पासाहेब निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा त्यांनी मला गोपाळकृष्णरावांच्या हातात दिले.

"गोपाळ, चमचे मोजू नको," ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. "नाक काय सांगते, ते ऐक."

आणि गोपाळकृष्णरावांनी खरोखर ऐकले. मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते! ते माझा खण उघडत, त्यावर ओणवत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि म्हणत, "अजून एक लवंग." किंवा, "जायफळ पुढे पुढे करतंय, थोडी दालचिनी लागेल." त्यांचे कधी चुकत नसे. दांडा फिरवायला हिरामण असे. हिरामण वीजघरात फिटर होता, पायथ्याच्या गावचा, घरी चार म्हशी. साय त्याच्याकडचीच. बिया भाजून द्यायच्या आणि मसाला निवडून द्यायचा हे काम प्रमोदिनीबाईंचे. त्या अंगणातल्या बैठकीत कधी बसल्या नाहीत. आतून पेले भरून पाठवायच्या आणि आत पुन्हा भजी तळायला लागायच्या. मला त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. कोणालाच वाटले नाही.

पुढे गोपाळकृष्णराव निवृत्त झाले आणि कर्जतला स्वतःच्या घरात आले. माणसे पांगली, बैठक लहान झाली, पण थंडीची कॉफी एकाही वर्षी चुकली नाही. हिरामण भिवपुरीहून सायीचा डबा घेऊन येई. नात सानवी सुट्टीला पुण्याहून येई आणि बिनरमेचा पेला पिऊन ओठांवर सायीच्या मिशा काढी.

मग ती मोठी साथ आली. गोपाळकृष्णरावांना ताप आला आणि दहा दिवसांनी उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर एका सकाळी ते माझ्यापाशी आले, खण उघडला आणि ओणवले. एक श्वास घेतला. पुन्हा घेतला. मला वाटले, पूड शिळी झाली असेल. त्यांनी डब्यातली लवंग काढून चावली. जिभेला चटका बसला असणार, कारण डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी माझा खण अगदी हळू बंद केला.

दुपारी ते प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "कॉफी बंद करतोय मी. डॉक्टर म्हणाले, पित्ताला बरी नाही."

मला एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले गेले. मित्रांनो, तिथे मी चार हिवाळे काढले. माळ्यावर थंडी वाजत नाही, पण थंडी पडली हे कळते. खाली मसाल्याचा डबा उघडला की दालचिनीची एक पुसट झुळूक वर यायची, आणि माझे दाते शिवशिवायचे. कोणीतरी दांड्याला हात घालावा, माझ्या पोटात बिया कडकडाव्यात, एवढीच आस होती. वर्षातून एकदा, डिसेंबरात, माळ्याखाली पावले येऊन थांबत. गोपाळकृष्णरावांची ती पावले मला ओळखू येत. थोडा वेळ थांबत आणि परत जात.

पाचव्या वर्षी सानवीचा फोन आला. ती आता पुण्यात नोकरी करते. आजोबा फोन मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे माळ्यावर मला सगळे ऐकू आले.

"आजोबा, नाताळच्या सुट्टीत आम्ही आठजण येतोय तुमच्याकडे! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या आजोबांसारखं कॉफी कॉकटेल कुठे मिळत नाही. कराल ना?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "करतो की. ये तू."

मी खाली आले! त्यांनी मला पुसले आणि मूठभर कोरडे तांदूळ दळून माझे दाते साफ केले. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी, दुपारी, त्यांनी करून बघायचे ठरवले. हिरामणला बोलावून घेतले होते. पण त्याला दांडा दिला नाही. आज सगळे ते स्वतःच करत होते. मी पाहत होते. दालचिनी पडली. वेलची पडली. मग लवंगा पडू लागल्या. तीन, चार, पाच. ते थांबले, खणावर ओणवले आणि आणखी तीन टाकल्या. मला ओरडावेसे वाटले. पण चक्कीला घरघरण्यापलीकडे काय येते?

हिरामणने घोट घेतला. गोपाळकृष्णराव त्याच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल बघावा तसे.

"कशी झालीय?"

"बरी हाय की, सायेब."

"बरी म्हणजे?"

हिरामणने पेला खाली ठेवला. "खरं सांगू का? लवंग लय झाली हाय. दातदुखीचं औशध घेतल्यागत लागतंय. तुमच्या हातची ही नाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" गोपाळकृष्णराव एवढ्या जोराने बोलले की माझी वाटी झणकली. "जन्मभर नट आवळलेस तू!"

हिरामण उठला. त्याने सायीचा रिकामा डबा उचलला. "येतो वहिनी," म्हणाला आणि गेला.

प्रमोदिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तो पेला उचलला, नुसता नाकाशी नेला आणि मोरीत ओतला.

"अहो, तुम्हाला वास येत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला हवं? ताप आला त्या वर्षी दूध करपून पातेलं काळं झालं होतं. शेजारच्या सुप्रियाने खिडकीतून हाका मारल्या. आणि तुम्ही शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसला होता."

गोपाळकृष्णराव खुर्चीत बसले.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"चार वर्षं?"

"हो. चार वर्षं."

मग ते बोलू लागले. इतकी वर्षे मी त्यांच्या मांडीत बसले, पण तसा आवाज त्यांचा कधी ऐकला नव्हता. म्हणाले, जेवतो ते फक्त गरम की गार एवढेच कळते. गॅस चालू राहिला तर मला कळणार नाही, म्हणून तू देवळात गेलीस की मी ओसरीवर जाऊन बसतो. म्हणाले, "मी काय होतो गं? कारकुनी करणारा साधा माणूस. वर्षातून एक दिवस लोक म्हणायचे, गोपाळरावांसारखं नाक नाही. तेवढं एक होतं माझ्याकडे."

प्रमोदिनीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "मला येतो ना वास. मी जन्मभर स्वयंपाकघरातच तर उभी होते. तुमची कॉफी कशी असते ते मला ठाऊक आहे. फक्त मला कधी कोणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बिया आणि मसाल्यासकट पिशवीत घातले गेले आणि आम्ही तिघे रिक्षाने हिरामणच्या गावी गेलो. धुके अजून शेतांवरून उठले नव्हते. हिरामणची बायको भागूबाई अंगण झाडत होती. तिने आत बघून हाक मारली, "आवं, सायेब आल्यात!" हिरामण बाहेर आला आणि उंबऱ्याशीच थांबला.

गोपाळकृष्णरावांनी मला पिशवीतून काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"हिरामण, मला वास येत नाही. चार वर्षं झाली. काल तू खरं बोललास आणि मी तुझा अपमान केला. दांडा तू फिरव."

हिरामण पुढे आला. "आरं देवा," तो हळूच म्हणाला. "मंग आदी सांगायचं ना, सायेब. आमी काय परके हाय का?" आणि त्याने मला घेऊन मांडी घातली.

मित्रांनो, त्या अंगणात जे झाले ते माझ्या आयुष्यात कधी झाले नव्हते. हिरामण दळत होता. प्रमोदिनीबाई माझ्या खणावर ओणवल्या. आणि गोपाळकृष्णरावांनी विचारले, "बघ गं, कसा येतोय?"

त्या आधी लाजल्या. मग डोळे मिटून सांगू लागल्या. "कॉफी आली पहिली. थोडी धुरकट, कढईच्या बुडाची. तिच्या मागे दालचिनी आहे, पण लाजतेय. लवंग नाही अजून. टाका एक." लवंग पडली. "हं. आता आली. एवढीच पुरे, दुसरी नको. जायफळ अगदी शेवटी येतंय, गोडसर, लहान मूल झोपून उठल्यावर असतं ना, तसं."

गोपाळकृष्णराव डोळे मिटून ऐकत होते. मधूनच म्हणाले, "वेलची?" आणि त्या म्हणाल्या, "वेलची बरोबर आहे. वेलचीचं तुमचं कधी चुकत नाही." भागूबाई हातात केरसुणी घेऊन तशीच उभी होती.

नाताळच्या संध्याकाळी सानवी आणि तिचे मित्रमैत्रिणी आले. ओसरीवर सतरंजी टाकली, भिंतीला दिव्यांच्या माळा लावल्या. हिरामणची साय वर तरंगली, संत्र्याची साल पिळली गेली, आणि पहिला घोट घेऊन ती सगळी मुले गप्प झाली. चांगली कॉफी झाली की माणसे आधी गप्प होतात, हे मी कुर्गपासून पाहत आले आहे.

"आजोबा, तुम्ही ग्रेट आहात," सानवी म्हणाली.

"मी नाही. मला आता वास येत नाही, बाळा. ही तुझ्या आजीने जुळवलेली कॉफी आहे." त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितले, साध्या आवाजात. मग आत हाक मारली, "अगं, भजी राहू दे. बाहेर ये. तुझी जागा ठेवलीय."

प्रमोदिनीबाई पदराला हात पुसत आल्या आणि बसल्या. कोणीतरी त्यांच्या हातात बिनरमेचा पेला दिला. सानवी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "आजी, मला शिकव ना." त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी ये, आणि वही आणू नकोस."

वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणतात, आता येईलच असे नाही. पण रोज सकाळी मी टेबलावर असते. ते दळतात आणि त्या सांगतात. कॉफीचे झाले की घराबाहेरचेही सांगतात, कोणाकडे फोडणी पडली, कुठे पाला जळतोय. परवा त्यांनी असेच सगळे सांगून संपवले, तेव्हा गोपाळकृष्णरावांचा हात दांड्यावर थांबला.

"आणि तुझा?" त्यांनी विचारले. "तुझा वास कसा होता गं? मला आता आठवत नाही."

त्या हसल्या, आणि मग हसू राहिले नाही. "माझा मला कसा यावा?" त्या म्हणाल्या. त्यांनी आपला हात गोपाळकृष्णरावांच्या नाकाशी नेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी तिथेच धरून ठेवला. माझ्या वाटीत अर्ध्या बिया दळायच्या राहिल्या होत्या. मला घाई नव्हती.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. कोरडे फडके फिरवा, ओलीत ठेवू नका, अधूनमधून हात लावा, म्हणजे झाले. पण तुमच्या घरातले एखादे माणूस आपली आवडती गोष्ट अचानक सोडून देईल, आणि पित्ताचे किंवा वयाचे कारण सांगेल, तेव्हा त्याच्या बोलण्याची वाट बघत चार हिवाळे घालवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.