हाक मारायची रीत

मागवाल्याच्या घरात हाक मारायची रीत जगावेगळी होती. सूत गुंडाळायची रिकामी कांडी उचलायची आणि ज्याला बोलवायचं त्याच्या पाठीवर नेम धरून फेकायची. त्याने वळून बघितलं, की मग हातांनी आणि ओठांनी बोलायचं. एका शेडमध्ये सगळे माग एकदम खटखटत असतील तर माणूस दुसरं करणार तरी काय? धोटे सूत घेऊन इकडून तिकडे पळत असतात, फरशी थरथरत असते आणि घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याच्या कानात काही शिरत नाही. शेडच्या मागे दोन खोल्या होत्या. तिथे मागवाला, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहायची. मधली भिंत नावालाच होती. त्यामुळे घरातलं बोलणंही तसंच चालायचं, अर्धं खुणांनी आणि अर्धं बेंबीच्या देठापासून. मागवाल्याने रस्त्यात कुणाला किती वाजले विचारलं तरी समोरचा दचकून मागे सरकायचा.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरेल तर शपथ. गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा होती, तिथे ती यंदा पहिलीत बसायला लागली होती. काही आठवडे बरे गेले आणि मग शाळेतून निरोप आला, आईवडिलांनी येऊन भेटावं.

"काहीतरी उद्योग केला असणार," बायको म्हणाली.

"पोरगी कुणाची आहे!" मागवाला म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

शाळेबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं. फुकटची शाळा, तिथे काय दिवे लावणार, असं गल्लीतले शहाणे म्हणायचे आणि हाही मान डोलवायचा. त्या शहाण्यांपैकी एकही शाळेची पायरी चढला नव्हता, पण मत असायला पायरी कशाला चढावी लागते? इमारत जुनी होती. भिंतींचा रंग मुलांच्या खांद्याच्या उंचीपर्यंत घासून गेला होता. पोरांचे हात पुरतील अशा बुटक्या नळांची रांग होती आणि त्यातला एक नळ कायम गळायचा.

पहिलीच्या बाई किरकोळ अंगाच्या होत्या. बाहीला खडूची भुकटी लागलेली. त्यांनी दोघांना मुलांच्याच बाकावर बसवलं. मागवाल्याचे गुडघे छातीला लागले.

"भिंगरी मुलांना वस्तू फेकून मारते," बाई म्हणाल्या. "कधी खोडरबर, कधी पेन्सिलीचा तुकडा. काल एकीच्या डोक्यात खडू मारला. पण मारून चिडत नाही, उलट गोड हसते. मला त्याचाच उलगडा होईना."

मागवाला गडगडाटी हसला. मग त्याने कांडीची सगळी हकीकत सांगितली, हातवारे करून आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "अहो बाई, ती मारत नाही, हाक मारते! आमच्याकडे अशीच हाक मारतात."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे घरी तिला तोंडाने कुणी हाकच मारत नाही?"

"मारून उपयोग काय? ऐकू कुणाला येतंय?"

बाईंनी बाहीवरची भुकटी झटकली. "तेच मला तुम्हाला सांगायचं होतं. मला वाटतं, तिला नीट ऐकू येत नाही. तुम्ही तिचे कान तपासून घ्या."

मागवाल्याचा पारा चढायला एवढं पुरे होतं. "माझ्या पोरीला? अहो, बोटाच्या इशाऱ्यावर कामं करते ती! नजरेची खूण ओळखते!"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "नजरेची ओळखते."

"तुम्हाला शिकवायला जमत नाही आणि खापर लेकराच्या कानांवर फोडता!" तो उठला तेव्हा बाक उलटा झाला. शेजारच्या वर्गातला पाढा बंद पडला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आपल्या खोलीतून डोकावल्या. मागवाल्याने उद्याच पोरीचं नाव काढून घेण्याची धमकी दिली आणि तरातरा निघून गेला. बायकोने बाक सरळ केला, बाईंना नमस्कार केला आणि त्याच्या मागे पळाली.

एवढा आरडाओरडा माणूस रागाने करतो असं आपल्याला वाटतं. मागवाल्याने तो भीतीने केला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई स्वतःच शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माग जोरात चालू होते. मागवाल्याने त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यात पलीकडच्या मागावर धागा तुटला. त्याने दोन बोटं जुळवून झटकन फाकवली. कोपऱ्यात कांड्या लावत बसलेल्या भिंगरीने ती खूण टिपली, आईकडे धावली, तिच्या दंडावर टिचकी मारून तीच खूण केली आणि आई धागा जोडायला गेली. तोंडातून कुणी चकार शब्द काढला नाही. बाई हे सगळं बघत राहिल्या. आईवडिलांना आजवर का कळलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या घरात माग चालू असेपर्यंत सगळेच बहिरे होते, मग एक पोर खरंच कमी ऐकतं हे कुणाच्या ध्यानात येणार?

बाईंनी हात आडवा फिरवून खूण केली: बंद करा. पाहुण्या बाईला आपली खूण येते हे बघून मागवाला इतका चकित झाला, की त्याने मागांचं मुख्य बटण दाबलं.

शेड गप्प झाली. भिंगरी त्यांच्याकडे पाठ करून कांड्यांची रांग लावत होती.

"आता तिला हाक मारा," बाई हळूच म्हणाल्या.

"भिंगरीऽऽ!" मागवाला गरजला. भिंगरी वळली आणि हसली. "बघा!" तो म्हणाला. "बघा, येतं की नाही?"

"तुमची हाक पलीकडच्या गल्लीलाही ऐकू गेली," बाई म्हणाल्या. "आता तिच्या आईला मारू दे. चारचौघांच्या घरात मारतात तशी, साधी."

भिंगरी पुन्हा कामाला लागल्यावर आईने हाक मारली. भिंगरी वळली नाही. आई एक पाऊल पुढे झाली. "भिंगरे, ए बाळा." भिंगरी कांड्या लावत राहिली. आई अगदी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पोटातलं सगळं प्रेम ओतून म्हणाली, "सोन्या, इकडे बघ ना गं." पोरीने एक वाकडी कांडी उचलली, सरळ केली आणि पुन्हा रांगेत ठेवली.

मागवाला सुताच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. पोर जन्मल्यापासून आईने तिला किती गोष्टी सांगितल्या असतील, किती लाड केले असतील. त्यातलं किती तिच्यापर्यंत पोचलं, हा विचार त्याला सोसवेना. तो म्हणाला, "बाई, आता काय करायचं?" आणि हे त्याने खरंच हळू आवाजात विचारलं.

कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे बाई स्वतः बरोबर आल्या. तपासण्या झाल्या, दोन्ही कानांमागे यंत्रं बसली. पण डॉक्टरीणबाईंनी हातचं राखून काही सांगितलं नाही. "यंत्राने आवाज येईल, पण सगळंच कळेल असं नाही. जे निसटेल ते हिने स्वतः विचारायला हवं. आता ही काय करते माहितीये? कळलं नाही तरी मान डोलवते. वर्ष संपताना शिक्षण खात्याचे वरचे साहेब येऊन वर्गात बघतील. साध्या शाळेत हिचा निभाव लागत नाही असं त्यांना वाटलं, तर कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत घालावं लागेल. ती शाळा परगावी आहे. तिथे मुलं वसतिगृहात राहतात."

परगावची ती शाळा वाईट नव्हती, तसं कुणी म्हणालंही नाही. पण पहिलीतलं पोर परगावी राहणार, रात्री आईच्या कुशीशिवाय झोपणार, या कल्पनेनेच मागवाल्याचा जीव अर्धा झाला.

मान डोलवण्याचं म्हणणं मात्र अगदी खरं होतं. बाईंनी एकदा भिंगरीला गमतीने विचारलं, "तू हत्ती आहेस का?" भिंगरीने मोठ्या आदबीने मान डोलवली. वर्ग हसला, भिंगरीही हसली. ही सवय कुठून आली हे मागवाल्याला पक्कं ठाऊक होतं. चालत्या मागापाशी खूण केली की समोरच्याने मान डोलवायची आणि पळायचं. दुसऱ्यांदा "काय?" विचारणाऱ्यावर तो डोळे वटारायचा, कारण धागा कुणासाठी थांबत नाही. पोर बिचारं बापाच्या तालमीत तयार झालं होतं.

मग बाईंनी जे केलं, ते मागवाल्याने जन्मभर विसरू नये आणि तो विसरलाही नाही. फळ्याकडे तोंड करून बोलणं त्यांनी सोडलं. आधी लिहायच्या, मग वळायच्या, मग बोलायच्या. भिंगरीची जागा त्यांनी पुढे घेतली, पण एका कडेला, म्हणजे तिला बाकीच्या मुलांचे चेहरेही दिसतील. आणि एक दिवस त्यांनी मागवाल्यालाच वर्गात बोलावलं. "तुमच्या खुणा माझ्या पोरांना शिकवा."

ज्या माणसाने याच शाळेत बाक उलटवला होता, तो फळ्यापुढे उभा राहिला आणि आधी नुसता खडूशीच चाळा करत राहिला. पण दोन बोटं फाकवून 'तुटलं' दाखवल्यावर पोरं जी खूश झाली! मग पाणी झालं, भूक झाली, थांब, ये, पुन्हा सांग, सगळं झालं. सगळा वर्ग हातांनी गप्पा मारायला लागला. मोठ्या बाई धावत आल्या आणि दारात थबकल्या. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "पहिलीचा वर्ग इतका शांत कसा?"

घरी जेवताना आता माग बंद असायचे. आई ताटलीने तोंड झाकून काहीतरी बोलायची, म्हणजे भिंगरीने "काय म्हणालीस?" असं विचारावं. भिंगरी मान डोलवायची. आई पुन्हा बोलायची, भिंगरी पुन्हा मान डोलवायची. मागवाला कपाळाला हात लावायचा. शाळेत बाईंची हीच रड होती. "विचार गं," त्या म्हणायच्या, "विचारण्यात कसली आलीये लाज?" भिंगरी मान डोलवायची.

असं करता करता साहेबांचा दिवस उजाडला. साहेब मवाळ बोलणारे, चांगले गृहस्थ होते, पण त्यांच्या जाड मिशांनी वरचा ओठ पार झाकलेला होता. ओठ वाचणाऱ्या पोरीपुढे असा माणूस यावा, हा मागवाल्याला नशिबाने घेतलेला सूड वाटला. तो आणि बायको व्हरांड्यात, वर्गाच्या दाराआड उभे होते.

साहेबांनी मुलांना पाट्या काढायला सांगितल्या. "मी वाक्य सांगतो, तुम्ही लिहा." आणि सांगता सांगता ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत, वर्गाकडे पाठ करून बोलत राहिले. बाईंनी काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना मधे बोलायची मनाई होती.

सगळ्या पाट्यांवर पेन्सिली करकरू लागल्या. भिंगरीची पेन्सिल हवेतच राहिली. शेजारच्या मुलीने ते पाहिलं आणि आपली पाटी हळूच तिच्याकडे तिरकी केली. बघ, असं तिने बोटाने खुणावलं. "बघ गं," मागवाला दाराआडून मनातल्या मनात म्हणाला. "बघ आणि लिही, म्हणजे सुटलीस." भिंगरीने त्या पाटीकडे पाहिलं. मग साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि ती उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली. तिचे शब्द अजून थोडे जड यायचे, पण सगळे कळत होते. "तोंड इकडे करा ना. मला ऐकू नाही आलं."

मागवाल्याने डोळे मिटून घेतले. साहेबांना हुकूम सोडणारी पोर! संपलं सगळं. बायकोने त्याचा हात इतका आवळला, की बोटं दुखली.

साहेब वळले. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हिला हे कुणी शिकवलं?"

"आम्ही सगळ्यांनी शिकवलं," बाई म्हणाल्या. "पण ती विचारतेय आज पहिल्यांदाच." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"चूक माझी झाली," साहेब भिंगरीला म्हणाले. खिडकीपासून ते चालत आले, तिच्या समोरच्या बाकावर अंग चोरून बसले, मिशा बोटांनी बाजूला सारल्या आणि वाक्य पुन्हा, सावकाश सांगितलं.

"आता आलं," भिंगरी म्हणाली, आणि लिहायला बसली.

साहेब बाहेर आले तेव्हा दारात थांबले. "ही मुलगी इथेच शिकेल," ते म्हणाले. "हिला इथून कुठे हलवायची गरज नाही."

मागवाल्याला बाईंना खूप काही सांगायचं होतं. वाट्टेल ते बोललो होतो ते मनावर घेऊ नका, हे सांगायचं होतं. तुमचे उपकार कसे फेडू, हेही सांगायचं होतं. पण जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. त्याने नुसते हात जोडले, आणि डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं.

"पुरे हो," बाई म्हणाल्या. "आता घरी जा बघू. माझा वर्ग खोळंबलाय."

दोघं घराकडे निघाली. गळका नळ बायकोने जाता जाता आवळून बघितला, तो तरीही गळत राहिला. गल्लीत कुणीतरी विचारलं, काय झालं, तर मागवाला नुसता हसला. शाळा सुटायला अजून वेळ होता. शाळा सुटली की भिंगरी घरी येणार होती, उद्याही येणार होती आणि परवाही.