मूळ दाखला

"आई, पाचला त्यांची खिडकी बंद होते. तू लिहिणारेस की नाही?"

गीतांजली माझ्या टेबलासमोर उभी होती, रोज पालक उभे राहतात तिथेच. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं आणि आज शेवटचा दिवस होता. कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला दिला नाही तर जागा पुढच्या नंबरला. आणि तिचा मूळ दाखला वाशीच्या एका कॉलेजात, बिझनेस मॅनेजमेंटच्या फाईलमध्ये जाऊन बसला होता. नेऊन कोणी दिला? मी.

मी म्हणजे पनवेलच्या ज्युनिअर कॉलेजातली दाखले लिहिणारी कारकून. "ओरिजिनल कुणाच्या हातात ठेवू नका, झेरॉक्स द्या," असं चौदा वर्षं आईबापांना बजावणारी. माझं अक्षर चांगलं म्हणून प्राचार्यही लग्नपत्रिकांवरचे पत्ते माझ्याकडूनच लिहून घेतात. कौतुक काय ते तेवढंच.

पहिल्या यादीत गीतांजलीचं नाव नव्हतं. आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे कामाला आहेत. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "महापेला कंपन्या बंद पडतायत आणि हिला इंजिनिअर व्हायचंय. धंद्याचं शीक, कुठेही पोट भरशील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

"बाबा, दुसरी यादी तरी लागू दे," ती म्हणाली. इस्त्री बिघडली की पहिला स्क्रूड्रायव्हर हातात घेणारी पोरगी. बिझनेस तिला नको होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी बिझनेसची मुदत संपत होती. मी हाफ-डे टाकला, तिला न विचारता कपाटातून दाखला काढला आणि देऊन आले. ह्यांच्यावर ढकलून काय उपयोग? घाबरले मी. मंगळवारी दुसरी यादी लागली.

आज सकाळी वाशीला धावले. खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, "प्रवेश रद्द करायला अर्ज, मग संस्थेची मंजुरी. आठ दिवस लागतील. मॅडम, तुम्ही तर याच लाइनमधल्या, तुम्हाला काय सांगायचं?" अगदी माझाच आवाज. चीड आली, पण कुणाची ते कळेना.

गीतांजली आमच्याच कॉलेजातली, म्हणून आता एकच मार्ग उरला होता, दुय्यम प्रत. मूळ दाखला हरवला असेल तरच ती मिळते. प्रतिज्ञापत्र लागतं, पण ते मागणारीही मीच. कोरे दाखले माझ्या ड्रॉवरमध्ये, शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आणि प्राचार्य माझ्या कागदावर न वाचता सही करतात.

मी कोरा दाखला ओढला. क्रमांक चारशे बारा. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. शेवटच्या रकान्यापाशी आले. दुय्यम प्रत देण्याचं कारण.

दोन वर्षांपूर्वी फातिमाबाई याच टेबलापुढे उभ्या होत्या. त्यांच्या बासितचंही असंच झालं होतं. "मॅडम, हरवला म्हणून लिवा ना. पोराच्या जिंदगीचा सवाल हाय," म्हणत त्यांनी माझा हात धरला होता. मी हात सोडवून म्हणाले होते, "खोटं कसं लिहू? नियम सगळ्यांना सारखा." बासितची जागा गेली. आता तो महापेला पॅकिंगला जातो. बस स्टॉपवर दिसला की न चुकता म्हणतो, "नमस्ते मॅडम." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"लिही ना," गीतांजली म्हणाली. "हरवला. चारच अक्षरं आहेत, आई."

"बासितला नाही दिला मी."

"मग त्याचं मी भरायचं? चूक तुझी, नियम तुझा, आणि जागा माझी जाणार?"

पेन टेकवलं तर शाईचा ठिपका पडला. मी पेन उचललं.

"मला नाही जमणार गं," एवढंच म्हणाले.

तिला वाटलं असावं, मी अजून बदलेन. ती बाकावर बसून घड्याळ बघत राहिली. साडेतीन झाले, चार झाले. इथून निघून पोचायलाच तास लागतो. चार वाजून गेल्यावर तिनं झेरॉक्सचे तिन्ही संच पिशवीत भरले आणि उठली.

आमच्याकडे कोरा दाखला फाडून टाकता येत नाही. प्रत्येकावर नंबर असतो. वाया गेला तर आडवी रेघ मारून, 'रद्द' लिहून रजिस्टरात चिकटवायचा. मी चारशे बारावर रेघ मारली. तिच्या नावावरून शाईनं 'रद्द' लिहिलं, खाली सही केली आणि डिंक लावला.

गीतांजली माझ्या खांद्यावरून बघत होती.

"छान लिहिलंस," ती म्हणाली.